नंबरचा सेफ्टी चष्मा : काच किती जाड हवी?

नंबरचा चष्मा लावून लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग, प्रयोगशाळा किंवा खेळाचं मैदान गाठणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : काचेची जाडी. 'काच' हा शब्द इथे सगळीकडे चष्म्याच्या दुकानातल्या अर्थाने, म्हणजे प्लॅस्टिकच्या लेन्ससाठीही वापरला आहे. खऱ्या काचेचा उल्लेख जिथे आहे तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न : भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो. दोन्ही डोळ्यांचा नंबर −४.००. दुकानदाराने 'अनब्रेकेबल पॉली' म्हणून काच दिली. ती मधोमध १.३ मिमी भरली. आमचे सेफ्टी ऑफिसर म्हणतात २ मिमी हवी, जुने फोरमन म्हणतात ३ मिमीच्या खाली काच लावायचीच नाही. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : दोघंही बरोबर सांगताहेत, पण दोन वेगळ्या काचांबद्दल. संरक्षक चष्म्यांसाठी जगभर ज्याचा आधार घेतला जातो त्या अमेरिकी झेड८७.१ मानकाने २००३ च्या आवृत्तीत काचांचे दोन वर्ग केले. साध्या आघाताच्या वर्गात काच कुठेही ३.० मिमीपेक्षा पातळ चालत नाही. उच्च आघाताच्या वर्गात २.० मिमीपर्यंत उतरता येतं, पण त्यासाठी ती काच कडक चाचणीत टिकलेली असावी लागते. फोरमनांच्या उमेदीच्या काळात सेफ्टी चष्म्यात टफन केलेली खरी काच किंवा सीआर-३९ हे साधं प्लॅस्टिक असायचं, आणि त्यांना ३ मिमी लागतेच. पॉलिकार्बोनेट आणि ट्रायव्हेक्स ही दोन प्लॅस्टिकं २ मिमीला उच्च आघाताची चाचणी पार करू शकतात. सेफ्टी ऑफिसर त्यांच्याबद्दल बोलताहेत.

चाचण्यांमधला फरक लक्षात घेतला की आकडे कुठून येतात ते कळतं. अमेरिकेत रोजच्या वापराच्या चष्म्याच्या काचेवर सुमारे १६ ग्रॅमची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटरवरून सोडतात. तिची ऊर्जा जेमतेम ०.२ जूल. सेफ्टीच्या साध्या वर्गात तेवढ्याच उंचीवरून एक इंच व्यासाची गोळी पडते. तिचं वजन सुमारे ६७ ग्रॅम, म्हणजे मार चौपटीहून जास्त. उच्च वर्गात पाव इंची गोळी सेकंदाला सुमारे ४६ मीटर वेगाने काचेवर मारतात, शिवाय ५०० ग्रॅमचा टोकदार दणका वरून टाकतात. काच तडकली, तिचा कपचा मागे उडाला किंवा ती फ्रेममधून निसटली, तरी नापास.

तुमची १.३ मिमीची काच पॉलीच असेल, फुटणारही नाही कदाचित. पण ती सेफ्टीची काच नाही. पातळ पॉली फुटत नाही, ती वाकते. चकतीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे २.० वरून १.३ वर आलात की ताठपणा जवळपास पाव उरतो. समोरून चिप आदळली की अशी काच मधोमध खोलगट होते, कडा फ्रेमच्या खाचेतून सुटतात आणि अख्खी काच डोळ्यावर येते. दुकानदाराचं 'फुटणार नाही' हे वाक्य खरं ठरतं आणि डोळा तरीही दुखावतो. दुकानात तयार मिळणाऱ्या मायनस नंबरच्या पॉली काचा साधारण १.० ते १.५ मिमीच्याच असतात. त्या रस्त्यावर, ऑफिसात लावायला बनवलेल्या आहेत. लेथवर त्या नकोत.

तेव्हा नवी काच करून घ्या : पॉलिकार्बोनेट, मधली जाडी किमान २.०. आणि ती सेफ्टी फ्रेममध्येच बसवा. या फ्रेमच्या खाचेची मागची कड उंच असते. समोरून मार बसला तर तीच काचेला आत येऊ देत नाही. फॅशनच्या फ्रेममध्ये २ मिमीची काच बसवून निम्मंच काम होतं. साइड शील्डही हवेत, कारण लेथची चिप समोरून जितकी येते तितकीच कानशिलाकडून येते.

प्रश्न : नंबर −६.००, पीडी (दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर) ६२. नाशिकला अंबडमध्ये टूल रूमला आहे. २ मिमी घेतली तर कडा फार जाड होतील म्हणून दुकानदार १.६७ हाय-इंडेक्स (जास्त अपवर्तनांकाची काच) सुचवतो. ती सेफ्टीला चालेल का?

उत्तर : कडेची जाडी घरी काढता येते, त्यामुळे आधी तीच काढू. ऑप्टिकल सेंटरपासून, म्हणजे बाहुलीसमोर येणाऱ्या काचेच्या बिंदूपासून, काचेच्या सर्वांत लांबच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. त्याचा वर्ग करा, नंबरने गुणा. मग अपवर्तनांकातून १ वजा करून त्याला २००० ने गुणा आणि या आकड्याने भागा. जे येईल ते मधल्या जाडीत मिळवलं की कडेची अंदाजे जाडी मिळते. अपवर्तनांक पॉलीचा १.५८६, ट्रायव्हेक्सचा १.५३, सीआर-३९ चा जवळपास १.५०.

फ्रेमच्या काडीवर आतल्या बाजूला ५४-१८ असं काही छापलेलं असतं : काचेची रुंदी ५४, नाकावरचं अंतर १८. दोन्हींची बेरीज ७२. तुमची पीडी ६२, म्हणजे प्रत्येक काचेचं सेंटर ५ मिमी नाकाकडे सरकणार. ५४ च्या निम्मे २७, त्यात ५ मिळवून कानाकडची कड ३२ मिमीवर. पॉलीत २.० मिमी मधली जाडी धरली तर तिथे कड सुमारे ७.२ मिमी येते. आता ५०-१८ ची फ्रेम घ्या. सेंटर फक्त ३ मिमी सरकतं, कड २८ मिमीवर येते आणि जाडी ६.० वर उतरते. नुसत्या फ्रेमने सव्वा मिलिमीटर वाचला. मोठी फ्रेम ठेवून मधली जाडी १.५ केली असती तर अर्धाच वाचला असता, आणि संरक्षण गेलं असतं ते वेगळंच.

आता १.६७. उच्च आघाताची खूण (काचेवर कोरलेलं अधिकचं चिन्ह) नसलेल्या काचेला ३.० चा नियम लागतो. त्याच ५०-१८ फ्रेममध्ये १.६७ ची काच ३.० मधल्या जाडीवर केली तर कड ६.५ मिमी येते. म्हणजे जास्त पैसे मोजून पॉलीपेक्षा अर्धा मिमी जाड आणि जड चष्मा पदरात पडतो. हाय-इंडेक्स पातळ दिसते ती मधली जाडी १.२–१.३ वर आणल्यामुळे. तो फायदा सेफ्टीच्या चष्म्यात मुळातच काढून घेतलेला असतो. १.७४ बद्दलही हेच उत्तर.

तुमच्या नंबरला खरी निवड पॉली की ट्रायव्हेक्स एवढीच आहे. पॉलीत प्रकाश रंगांमध्ये जास्त फुटतो. हे मोजणारा ॲबे आकडा पॉलीचा ३० आणि ट्रायव्हेक्सचा ४३ ते ४५. −६ ला सेंटरपासून दीड सेंटिमीटर बाजूला बघितलं की पॉलीतून उजळ कडांना निळी-पिवळी किनार दिसू लागते, स्केलवरच्या रेघा अंधुक होतात. टूल रूममध्ये व्हर्नियरच्या रेघा डोळा फिरवून वाचाव्या लागतात, तेव्हा हे जाणवतं. ट्रायव्हेक्समध्ये ही किनार बरीच कमी. जाडीत तोटा किती? त्याच फ्रेममध्ये २.० वर ६.४ मिमी, म्हणजे पॉलीपेक्षा ०.४ जास्त. घनता मात्र कमी : पॉली १.२०, ट्रायव्हेक्स १.११. किंमत परवडत असेल तर −५ च्या पुढच्या नंबरला आम्ही ट्रायव्हेक्स सांगू. लॅबला, म्हणजे नंबरप्रमाणे काच घासून देणाऱ्यांना, ती उच्च आघाताच्या खुणेसह मागा.

गुंडाळल्यासारखी वळणाची, स्पोर्ट्स टाइप फ्रेम या नंबरला घेऊ नका. त्या वळणात −६ चा नंबर नीट बसत नाही, बाजूचं दिसणं विचित्र होतं. माणूस कंटाळून चष्मा कपाळावर चढवतो आणि सगळा खर्च वाया जातो.

प्रश्न : कोल्हापूरला फाउंड्रीत फेटलिंगवर (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामावर) आहे. नंबर +३.५०, शिवाय वाचायचा ॲडिशन. मधोमध काच चांगली पाच मिमी आहे, म्हणजे सेफ्टीची झालीच ना?

उत्तर : नाही झाली. प्लसची काच मध्ये फुगीर आणि कडेला पातळ असते. जाडीचा नियम सर्वांत पातळ जागेला लागतो आणि ती जागा तुमच्या काचेत कानाकडच्या कडेला आहे. दुकानातली तयार प्लस काच मोठ्या फ्रेममध्ये कापली की ती कड एक मिलिमीटरच्या आसपास येऊ शकते. मार बसला की तिथूनच खाच सुटते.

ऑर्डर देताना 'मधली जाडी' असं लिहूच नका. 'कडेची जाडी किमान २.०' लिहा आणि काच तुमच्या फ्रेमच्या मापाने लॅबमध्ये घासून घ्या. वरचंच गणित वापरा, फक्त आलेला आकडा कडेच्या जाडीत मिळवा, म्हणजे मधली जाडी मिळेल. पीडी ६४ असेल तर ५०-१८ च्या फ्रेममध्ये पॉलीची काच मधोमध सुमारे ४.२ मिमी होईल, ५८-१६ च्या फ्रेममध्ये ५.५. प्लसमध्ये वजन मधोमध असतं आणि ते नाकावर येतं, त्यामुळे लहान फ्रेमचा आराम तुम्हाला मायनसवाल्यांपेक्षा जास्त जाणवेल. (३.० च्या साध्या वर्गात +३.०० आणि त्यावरच्या नंबरला मानकाने कडेला २.५ मिमीची सूट दिलेली आहे. पॉली घेणाऱ्याला तिची गरज पडत नाही.)

बायफोकल पॉलीत मिळतो आणि सेफ्टीला चालतो. ॲडिशनचा भाग मात्र नेहमीपेक्षा दोनेक मिमी खाली बसवून घ्या. फेटलिंग करताना मान खाली असते आणि पायाखालची जमीन त्या भागातून धूसर दिसते.

आता ग्राइंडर. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर फिरतो तेव्हा चाकाची कड सेकंदाला सुमारे ५७ मीटर वेगाने धावते. पाच इंचीत हाच वेग ७२ मीटरवर जातो. चष्म्याची उच्च आघात चाचणी होते ४५–४६ मीटरला. युरोपच्या ईएन १६६ मानकात काचेवर 'एफ' खूण असते तीही ४५ मीटरचीच. त्याच्यावर 'बी' म्हणजे १२० मीटर आणि 'ए' म्हणजे १९० मीटर. 'बी' गॉगलला मिळते, 'ए' फक्त चेहऱ्यावरच्या शील्डला, साध्या चष्म्याला दोन्ही नाहीत. हिशेब सरळ आहे : ग्राइंडरवर चष्मा कितीही जाड केला तरी एकटा पुरत नाही. वरून फेस शील्ड हवं, आणि शील्डच्या आत चष्मा राहू द्यायचा. चाकाचा तुकडा उडाला तर शील्ड पहिला मार घेतं, आणि शील्डखालून वर उसळणारी बारीक कणी चष्मा अडवतो.

प्रश्न : नंबर +१.०० / −३.०० × ९०. छत्रपती संभाजीनगरला आयटीआयमध्ये शिकतो. माझी काच प्लस समजायची की मायनस?

उत्तर : दोन्ही. आडव्या दिशेत तुमचा नंबर −२ पडतो, उभ्या दिशेत +१. म्हणून काच डावी-उजवीकडे जाड होत जाते आणि वर-खाली पातळ. सर्वांत पातळ जागा वरच्या आणि खालच्या कडेच्या मधोमध येईल. काचेची उंची ३६ मिमी धरली तर तिथे सेंटरपेक्षा सुमारे ०.३ मिमी कमी भरते. त्यामुळे सेंटरला २.३ मागा, म्हणजे वर-खाली २.० राहील. सिलिंडर (नंबरातला तुमच्या −३.०० सारखा दुसरा आकडा) असलेल्या प्रत्येकाने नुसतं सेंटर मोजून थांबू नये, कड चारही बाजूंनी मोजावी.

प्रश्न : चाकणला फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डर आहे. जाड काच घेतली तर आर्कचा त्रास कमी होईल का? रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

उत्तर : जाडीचा आणि आर्कच्या झळाळीचा काही संबंध नाही. ते काम शेडच्या, म्हणजे हेल्मेटमधल्या गडद काचेच्या, नंबराचं. साध्या रॉडच्या वेल्डिंगला ६० ते १६० अँपिअरमध्ये किमान ८ आणि सोयीची १० नंबर शेड, १६० ते २५० मध्ये किमान १० आणि सोयीची १२. पॉलीची काच अतिनील किरण अडवते हे खरं, पण डोळे दिपवणारा प्रकाश आणि उष्णता ती सोडते. पॉलीच्या चष्म्याच्या भरवशावर टॅक (वेल्डिंगचा छोटा तात्पुरता ठिपका) मारणं म्हणजे डोळे आर्कच्या तोंडी देणं.

रात्रीचं खुपणं अतिनील किरणांमुळे बुबुळाच्या पुढच्या पडद्याला बसलेल्या चटक्याचं लक्षण असू शकतं. तुमचं हेल्मेट आर्क पेटायच्या आधी खाली येत नसेल, किंवा शेजारच्या बेवर चाललेलं वेल्डिंग बाजूने डोळ्यांत शिरत असेल. मध्ये पडदा लावून घ्या. नेत्रतज्ज्ञांनाही दाखवा.

जाडी तुमच्या कामात वेगळ्या ठिकाणी उपयोगी पडते : स्लॅग काढताना. हेल्मेट वर, हातात चिपिंग हॅमर, आणि गरम पापुद्रा थेट तोंडाकडे. म्हणून हेल्मेटच्या आत २.० मिमीचा नंबरचा सेफ्टी चष्मा साइड शील्डसह कायम हवा. खरी काच इथे घेऊ नका, उडालेली ठिणगी तिच्यात रुतते आणि खड्डे पडतात.

त्याच ओघात छिन्नीचंही सांगतो. छिन्नीचं डोकं मारून मारून फुलतं, कडेला पाकळ्या येतात. त्यातली एक पाकळी हातोड्याच्या घावाने सुटली की ती गोळीसारखी जाते. पोलादावर पोलाद आपटताना उडालेली कणी हे डोळ्याच्या आत लोखंड शिरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. कणी इतकी बारीक आणि वेगवान असते की कधी कधी फार दुखतही नाही. फुललेलं डोकं ग्राइंडरवर घासून टाका, मग हातोडा उचला. कणी आत गेल्याची शंका आली तर डोळा चोळू नका, धुवत बसू नका. वरून दाब न देणारं कडक झाकण ठेवून थेट नेत्रतज्ज्ञ गाठा आणि 'लोखंड उडालं होतं' हे आवर्जून सांगा, म्हणजे एमआरआय कुणी काढणार नाही.

प्रश्न : गोव्यात महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. नंबरचा पॉली सेफ्टी चष्मा केला. सहा महिन्यांत फ्रेमच्या स्क्रूजवळ काचेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आल्या. जाडी कमी पडली का?

उत्तर : जाडी नव्हे, ॲसिटोन. पॉलिकार्बोनेटला ॲसिटोन आणि त्याच्या जातीची द्रावकं, तसंच तीव्र अल्कली सोसत नाहीत. काच आधीच ताणाखाली असेल तर त्या वाफेने किंवा थेंबाने बारीक चिरा पडतात, आणि फ्रेमचा स्क्रू जिथे काच आवळतो तिथेच ताण सर्वांत जास्त असतो. वॉश बॉटलमधल्या ॲसिटोनने कुणी चष्मा पुसला असेल तर एकदाच पुसलेलंही पुरतं. जाडी ३ मिमी असती तरी हेच झालं असतं. ही काच बदला. चिरा दिसू लागल्यावर तिची ताकद राहिलेली नसते.

पुढची काच ट्रायव्हेक्सची घ्या. द्रावकांना ती पॉलीपेक्षा बरीच टिकते. रिमलेस फ्रेमला भोकं पाडून बसवायची असेल तरी तीच बरी, पण रिमलेस फ्रेम प्रयोगशाळेत आणायची कशाला?

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चष्मा, कितीही जाड असो, उडणाऱ्या आम्लासाठी नाहीच. वरून, खालून, गालाकडून थेंब आत जातोच. तीव्र आम्ल-अल्कली हाताळताना चेहऱ्याला चिकटून बसणारा स्प्लॅश गॉगल हवा. त्याची हवेची भोकं आडोशाची असावीत, उघडी नसावीत. नंबरच्या चष्म्यावर बसेल असा मोठा गॉगल मिळतो. आत वाफ धरते ही त्याची अडचण आहे, त्यामुळे धुकं न धरणाऱ्या कोटिंगचा घ्या आणि आतली बाजू कोरड्या कापडाने घासू नका, ते कोटिंग लगेच जातं.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, ठाण्याला बॅडमिंटन खेळतो. एका डोळ्याची नजर चष्म्यानेही ६/१८ च्या पुढे जात नाही. दुसऱ्याला −२.००. रोजच्या चष्म्यावर खेळू द्यावं का?

उत्तर : देऊ नका. ज्याच्या अधू डोळ्याची चष्म्यासह नजर ६/१२ पेक्षा कमी आहे, त्याला डॉक्टर व्यवहारात एकडोळ्याच समजतात. चांगला डोळा गेला तर दुसऱ्यावर त्याचं शिक्षण, गाडी चालवणं, नोकरी भागणार नाही. शटलचं बूच छोटं असतं, थेट डोळ्याच्या खोबणीत शिरतं. डबल्समध्ये जोडीदाराच्या रॅकेटची भीती वेगळीच.

खेळासाठी पट्टा असलेली, एकसंध साच्यातली स्पोर्ट्स फ्रेम घ्या. त्यात पॉलीची काच, दोन्ही बाजूंना मधली जाडी ३.० मिमी. इथे २.० वर थांबू नका. जादा एक मिमीने ५० मिमीच्या काचेचं वजन जेमतेम अडीच ग्रॅमने वाढतं, दोन्ही मिळून पाच ग्रॅमच्या आत. अधू डोळ्याची काचही तशीच हवी, त्यात पॉवर नसली तरी. फ्रेम चेहऱ्याच्या मापाची घ्या. 'वाढत्या अंगाची' म्हणून मोठी घेतली तर ती खाली घसरते, आणि मुलगा नाकाच्या शेंड्यावरून शटल बघत राहतो.

शाळेतल्या आणि घरातल्या रोजच्या चष्म्यालाही पॉली किंवा ट्रायव्हेक्स, किमान २.० मिमी. हा चष्मा त्याने कायम लावावा, चांगल्या डोळ्याला नंबर नसता तरी आम्ही हेच सांगितलं असतं.

प्रश्न : ह्यूस्टनला रिफायनरीत इंजिनिअर आहे. सुट्टीत पुण्याला आल्यावर कंपनीच्या झेड८७ फ्रेममध्ये स्वस्तात नवा नंबर भरून घेतला तर चालेल ना?

उत्तर : फ्रेमवरची 'झेड८७-२' ही खूण फक्त फ्रेमची आहे. काचेची खूण वेगळी : वरच्या कोपऱ्यात काच बनवणाऱ्याचं चिन्ह आणि उच्च आघाताची असेल तर अधिकचं चिन्ह, काचेवरच कोरलेलं. पुण्यातल्या दुकानातली काच कितीही चांगली असली तरी ती खूण नसेल तर तुमच्या प्लँटच्या गेटवर तो सेफ्टी चष्मा ठरत नाही. तिथल्या नियमानुसार नंबरवाल्याला मालकाने नंबरसह संरक्षक चष्मा किंवा चष्म्यावर बसणारा संरक्षक द्यायचा असतो. तो तिथेच करून घ्या.

भारतात डोळ्यांच्या संरक्षकांसाठी आयएस ५९८३ हे मानक आहे, आणि कण उडण्याच्या कामावर आडपडदा किंवा योग्य गॉगल देण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३५ व्या कलमात होती. गॉगलची पेटी शॉपवर आली की आपल्याकडे काम संपलं असं धरतात. मग नंबरवाला कामगार आपल्या घरच्या चष्म्यावर उभा राहतो आणि कुणाच्या ते ध्यानातही येत नाही.

प्रश्न : वाळूजच्या कारखान्यात सुरक्षा विभाग बघते. साठएक नंबरचे सेफ्टी चष्मे एकदम करून घ्यायचे आहेत. ऑर्डर कशी लिहावी आणि आलेला माल कसा तपासावा?

उत्तर : ऑर्डरमध्ये 'सेफ्टी ग्लास, अनब्रेकेबल' एवढंच लिहिलं तर १.३ मिमीची पॉली येणार, आणि त्यात दुकानदाराचा दोष काढता येणार नाही. प्रत्येक माणसाच्या ओळीत हे असू द्या : दोन्ही डोळ्यांचा पूर्ण नंबर ॲक्सिससकट (× नंतरचा आकडा), पीडी प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र, फ्रेमचं माप, काचेचा प्रकार, 'सर्वांत पातळ जागी किमान २.० मिमी, कड आणि सेंटर दोन्ही धरून', आणि 'लॅबमध्ये घासलेली काच, स्टॉक नको'. काचेवर उच्च आघाताची खूण कोरून मागा. ती द्यायला लॅब नाही म्हणाली तर सगळ्या काचा ३.० ने लिहा आणि शक्य असेल तर दुसरी लॅब शोधा, कारण खूण देणारी लॅब तिच्या मालाची चाचणी करत असते.

कोटिंगबद्दल विचारपूस करा. अँटीग्लेअरचे थर ठिसूळ असतात. काचेला मार बसतो तेव्हा ती मागे वाकते, मागची बाजू ताणली जाते आणि तडा तिथून, त्या ठिसूळ थरातून सुरू होतो. म्हणून चाचणी कोटिंगसकट झालेली असावी. शॉप फ्लोअरवर आम्ही अँटीग्लेअर न घेता नुसतं हार्ड कोट सुचवू. कूलंटच्या तेलकट थराने अँटीग्लेअर तसंही लवकर खराब होतं.

माल आला की प्रत्येक चष्मा मोजा, नमुने काढून भागणार नाही, कारण प्रत्येक काच वेगळ्या नंबरची आहे. मोजायला गोल टोकांचं डायल कॅलिपर वापरा. तुमच्या टूल रूममधला सपाट तोंडाचा मायक्रोमीटर काचेच्या मागच्या खोलगट बाजूला मधोमध टेकत नाही, तोंडाच्या कडेवर बसतो. त्यामुळे ठळक मायनस नंबरला तो ०.१ मिमीपर्यंत जास्त दाखवू शकतो. म्हणजे २.० वाचलं तर खरी जाडी १.९ असू शकते. दुसरं काही नसेल तर त्याच्यावर २.१ दाखवेल तीच काच घ्या. टेकवताना मध्ये पातळ कागद घालू नका, त्याचीही जाडी मोजली जाते. काचेवर ओरखडा नको असेल तर हलक्या हाताने रॅचेट फिरवा. प्लस नंबरला कड मोजताना खाचेत बसणारं टोकदार बेव्हल धरू नका, त्याच्या आतली सपाट जागा धरा.

मग ताण बघा. संगणकाचा मॉनिटर पांढराफटक करा. एक पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवा, एका कोनात पडदा काळा दिसेल. त्या कोनावर गॉगल स्थिर ठेवून मध्ये सेफ्टी चष्मा धरा. काचेत रंगीत पट्टे दिसतील. पॉलीत सौम्य, पसरलेले पट्टे असतातच, ते साच्यात ओतताना आलेले. पण स्क्रूजवळ किंवा एखाद्या कोपऱ्यात दाट, झळझळीत रंग एकवटलेले दिसले तर काच मोठी कापून फ्रेममध्ये दाबून बसवली आहे. तिथूनच पुढे चिरा जातात. असा चष्मा परत पाठवा आणि काच ०.१–०.२ मिमी लहान करून मागा. उलट, काच सैल असेल तर अंगठ्याने समोरून दाबून पाहा : खाचेत हलली किंवा कुईकुई वाजली तरी परत.

शेवटी बदलायचं कधी. समोरच्या ओरखड्यांनी दिसणं बिघडतं, मागच्या बाजूच्या ओरखड्यांनी काच कमजोर होते. नख अडकेल असा ओरखडा मागच्या बाजूला असेल तर काच बदला, दिसायला ती स्वच्छ असली तरी. मार खाल्लेली काच न फुटलेली दिसली तरी पुन्हा वापरू नये. पुसण्यासाठी थिनर, ॲसिटोन, कॉटन वेस्ट तिन्ही बंद करा. शॉपच्या वॉशबेसिनजवळ साबणाचं पातळ पाणी आणि मऊ कापड ठेवा. आधी नळाखाली धरून लोखंडाची कणी वाहून जाऊ द्यायची, मग पुसायचं.